रासबेरी थांबत नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



'रासबेरी' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तीन वेगवेगळ्या गोष्टी उभ्या राहतात, असा माझा अनुभव आहे. मुंबईत वाढलेल्या माणसाला इराणी हॉटेलातली नाहीतर पारशी लग्नातली लालभडक, थंडगार बाटली आठवते. उत्तरेकडे राहून आलेल्याला 'रसभरी' आठवते. पण ती म्हणजे कागदासारख्या वाळक्या टरफलातलं पिवळं, गोल फळ. आपल्या महाबळेश्वरच्या बाजारात त्याला गूजबेरी म्हणतात. आणि तिसरी खरीखुरी रासबेरी, काटेरी झुडपावर येणारी, बारीक बारीक मण्यांची. आज बोलायचंय ते या तिसरीबद्दल. ती निवडायची कशी, ठेवायची कशी आणि रांधायची कशी.

आता कविता लिहिणाऱ्या माणसाने फळावर बोलायचा अधिकार कुठून आणला, असं तुम्ही विचाराल. तर माझे वडील महाबळेश्वरच्या बाजारात रासबेरी विकत असत. दुकान नव्हतं. रस्त्याच्या कडेला एक लाकडी खोकं पालथं घालायचं आणि त्यावर बांबूच्या करंड्या मांडायच्या, एवढाच व्यापार. मेटगुताड, गुरेघर, भिलार या बाजूचे शेतकरी सकाळी माल आणत. "चाचा, आजचा माल बघा," असं म्हणून करंडी पुढे करत. अब्बा करंडीतल्या फळांकडे बघायच्या आधी करंडी वर उचलून तिचं बूड बघत. मला लहानपणी याची मोठी गंमत वाटायची. फळं वर आहेत आणि हा माणूस बूड काय बघतोय! पण निवडीचा पहिला धडा तोच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

रासबेरी ही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात 'बेरी' नाहीच. गुलाबाच्या कुळातलं हे झुडूप. त्याच्या एका फुलात अनेक स्त्रीकेसर असतात आणि त्यातल्या एकेकाचा एक रसाळ मणी तयार होतो. प्रत्येक मण्यात एक बी. असे कितीतरी मणी एकमेकांना बिलगून बसले की त्याची एक रासबेरी होते. पिकलेलं फळ खुडलं, की मधला पांढरट दांडा झाडावरच राहतो आणि फळ टोपीसारखं सुटून हातात येतं. आतून ते पोकळ असतं. ब्लॅकबेरीचा दांडा फळाबरोबर येतो, दोघींतला मुख्य फरक हाच. ही पोकळी आणि मण्यांची पातळ साल, यामुळे रासबेरीला स्वतःचंही वजन सोसत नाही. वरच्या फळांच्या भाराने खालची दबतात, रस सुटतो आणि तो करंडीच्या बुडाला येतो. म्हणून बूड बघायचं. आज ही फळं प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्यांत मिळतात, तेव्हा तर फारच सोपं झालंय. डबा उलटा करून बघा. तळाला लाल ओल दिसली, तळाचा कागद भिजलेला असला, तर वरची रांग कितीही देखणी असो, तो डबा घेऊ नका.

दुसरी खूण रंगाची. इथे थोडा घोटाळा होतो. डब्यांतून येणारी परदेशी जातीची रासबेरी पिकल्यावर लाल असते, आणि ती मळकट, काळपट दिसू लागली तर जून झाली असं समजावं. पण आमच्याकडची जुनी जात वेगळी. ती आकाराने लहान, लालवरून जांभळट-काळी होत जाणारी, अंगावर पांढुरकी झाक असलेली. ती लाल असली तर कच्ची, आणि काळसर झाली तर पिकलेली. पाहुण्यांना हे ठाऊक नसायचं. ते नेमकी लाल करंडी उचलायचे आणि दुसऱ्या दिवशी आंबट निघाली म्हणून अब्बांशी भांडायला यायचे.

एक गोष्ट मात्र दोन्ही जातींना लागू. आंबा अढीत पिकतो, केळं घरात पिकतं. रासबेरी खुडल्यावर पिकत नाही. खुडताना जेवढी गोड होती, तेवढीच. 'आणून ठेवू, दोन दिवसांत होईल गोड' हा हिशेब इथे चालत नाही. दोन दिवसांत ती नासेल.

तिसरी खूण वासाची. चांगल्या फळाला गुलाबाची आठवण करून देणारा मंद गोड वास असतो. आंबूस, दारूसारखा वास आला तर आत कुठेतरी फळ फसफसायला लागलंय. फळावर बारीक तपकिरी केस दिसले तर घाबरू नका. ते फुलातल्या केसरांचे उरलेले अवशेष आहेत. बुरशी ओळखू येते. ती कापसासारखी, करड्या रंगाची असते आणि दोन-तीन फळांना एकत्र चिकटवून ठेवते.

आता घरची गोष्ट सांगतो. दिवसभर विकून संध्याकाळी जो माल उरे, तो घरी येई. कंदिलाच्या उजेडात अम्मी तो निवडायला बसे. आम्ही भावंडं भोवती. "हल्लू, हल्लू," एवढं एकच ती म्हणायची. धड फळं एका बाजूला, तीन-चार तळहातांएवढ्या पसरट ताटात, एकावर एक न येतील अशी. ती दुसऱ्या दिवशी सकाळी विक्रीला. ठेचलेली, रस सुटलेली फळं पातेल्यात. ती आमची. भाकरीवर घालून आम्ही ती खायचो आणि उरलेली अम्मी चुलीवर चढवायची. अख्खी, धड रासबेरी आम्ही भावंडांनी खाल्ली असेल तर ती चोरूनच. आणि ती चोरीही पचायची नाही, कारण बोटं जांभळी व्हायची. अब्बा काही बोलायचे नाहीत, फक्त "हात दाखव" म्हणायचे.

अम्मी तर चोरूनसुद्धा खात नसे. धड फळ म्हणजे गिऱ्हाइकाचं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

पुढे अब्बा थकले, खोकं उचललं गेलं आणि आम्ही घाट उतरून वाईला राहायला आलो. मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना एका मासिकात माझी कविता छापून आली आणि तिचं मानधन आलं. आयुष्यातली पहिली कमाई. मी तडक एस. टी.ने महाबळेश्वरला गेलो आणि त्या पैशातून रासबेरी घेतल्या. बूड बघून घेतल्या, वास घेऊन घेतल्या, एकूण एक धड. प्लॅस्टिकच्या पिशवीत न घेता पुठ्ठ्याच्या उथळ खोक्यात घेतल्या. पसरणीच्या घाटात प्रत्येक वळणावर खोकं मांडीवर सावरत होतो. घरी आलो आणि अम्मीच्या पुढ्यात ठेवून म्हटलं, "ये तेरे वास्ते. गिऱ्हाइकाच्या नव्हेत."

अम्मीने एकेक फळ निरखून बघितलं. तिची ती सवयच होती. मग म्हणाली, "शुक्रवारी खाला येणार आहे. ती आली की सगळे मिळून खाऊ." तो दिवस सोमवार होता. घरात फ्रिज नव्हता. तिने फळं स्वच्छ धुतली, स्टीलच्या डब्यात भरली, वर घट्ट झाकण लावलं आणि डबा फडताळात ठेवला. खरं तर ठेवणीचे सगळे नियम तिला माहीत होते. विक्रीची फळं तिने कधी धुतली नव्हती, कधी डब्यात कोंडली नव्हती. पण ही भेट होती, मुलाच्या पहिल्या कमाईची. ती तिने दागिन्यासारखी जपून ठेवली. शुक्रवारी खालासमोर डबा उघडला, तेव्हा आत करड्या कापसाचा एक गोळा होता. अम्मीने झाकण परत लावलं, मागच्या दाराने जाऊन डबा रिकामा केला आणि चहा टाकला. या विषयावर ती नंतर एक अक्षर बोलली नाही. मीही नाही.

म्हणून ठेवणीबद्दल सांगताना मी जरा जास्त आग्रहाने सांगतो, ते समजून घ्या.

रासबेरी आणल्या आणल्या धुवू नका. पोकळ फळात पाणी साचतं, आणि बुरशीला ओल लागतेच. आधी निवडा. बुरशीचं एक फळ दिसलं तर ते आणि त्याला चिकटलेली शेजारची दोन काढून टाका. उरलेली पसरट ताटात, खाली कोरडं फडकं किंवा टिपकागद घालून, एका थरात पसरा. वर सैलसर झाकण घाला. हवा खेळली पाहिजे. ताट फ्रिजमध्ये ठेवा. इतकं केलं तरी मुदत दोन, फार तर तीन दिवसांची. फ्रिज नसेल तर त्याच दिवशी संपवा, हेच खरं.

धुवायचं ते खायच्या अगदी आधी. नळाची धार थेट फळांवर सोडू नका, फळ फुटतं. पातेल्यात पाणी घ्या, फळं चाळणीत ठेवून ती चाळणी पाण्यात एकदा-दोनदा बुडवा, निथळू द्या, फडक्यावर पसरा. आणि फ्रिजमधून काढल्यावर लगेच खाऊ नका. अर्धा तास बाहेर राहू द्या. गारठलेल्या फळाचा वास लागत नाही, आणि वासाशिवाय रासबेरीची अर्धी चव जाते.

जास्त दिवस हवी असेल तर गोठवा. इथेही युक्ती एका थराचीच. ताटात सुटी सुटी पसरून फ्रीझरमध्ये ठेवायची, दगडासारखी कडक झाली की पिशवीत भरायची आणि पिशवीतली हवा काढून तोंड बांधायचं. मग ती एकमेकांना चिकटत नाहीत, हवी तेवढी मूठभर काढता येतात आणि पुढच्या हंगामापर्यंत टिकतात. सर्बिया, पोलंड या देशांतून जगभर जाणारी बरीचशी रासबेरी अशी गोठवूनच जाते. मात्र गोठवलेली रासबेरी बर्फ सुटल्यावर मऊ पडते. ती रांधायला घ्यावी. नुसती खायला ताजीच हवी.

आता रांधण्याकडे येतो. पहिला मान जॅमचा. अम्मीचं प्रमाण होतं 'वाटीला वाटी'. एक वाटी फळ, एक वाटी साखर. आमच्या घरी माझी पत्नी आली, तिने तेच प्रमाण घेतलं, आणि जॅम इतका गोड झाला की चमचा उभा राहावा. दोघींपैकी कोणाचं चुकलं, हे कितीतरी दिवस कळत नव्हतं. मग लक्षात आलं, की अम्मीची वाटी ठेचलेल्या फळांची होती, गच्च भरलेली. पत्नीने अख्खी फळं घेतली होती, आणि अख्ख्या फळांच्या वाटीत बरीचशी पोकळीच असते. तेव्हापासून आम्ही वजन करतो. १ किलो फळाला पाऊण किलो ते १ किलो साखर. पाणी अजिबात नाही.

पातेलं रुंद घ्या आणि स्टीलचं घ्या. अॅल्युमिनियमच्या किंवा कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट फळ शिजवू नये. आधी नुसती फळं मंद आचेवर पाचेक मिनिटं ठेवा, म्हणजे त्यांचा रस सुटतो. मग साखर घालून ती पूर्ण विरघळू द्या, आणि त्यानंतर आच मोठी करा. मंद आचेवर तासभर रटरटत ठेवलेल्या जॅमचा रंग विटतो आणि वास उडून जातो. मोठ्या आचेवर दहा मिनिटांच्या आसपास काम होतं. झालं की नाही हे बघायला एक बशी आधीच फ्रिजमध्ये गार करून ठेवा. तिच्यावर थेंब टाका, मिनिटभराने बोटाने ढकला. वर सुरकुती पडली की आच बंद. बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या हव्यात.

बिया हा एक प्रश्न असतो. आमच्या घरी तो अम्मीला कवळी बसवल्यावर आला. बी कवळीखाली गेली की जीव नकोसा होतो. तेव्हापासून अर्धा जॅम आम्ही गाळून करतो. फळं गरम करून मऊ झाली की चाळणीवर घासायची आणि खाली पडलेल्या गरात साखर घालायची. हाच गर साखरेच्या पाकात घालून, चिमूटभर सैंधव टाकून थंड पाण्यात मिसळला की सरबत. त्याचा रंग बाटलीतल्या रासबेरीइतका भडक होत नाही, तो फळाचाच रंग असतो. हाच गर लाल तिखट, गूळ आणि मीठ घालून आटवला तर भाकरीबरोबर झकास चटणी होते.

दुधाच्या बाबतीत मात्र सावध राहा. लग्नानंतरची आमची पहिली ईद, १९९४ सालची, मार्च महिन्यात आली होती. चांद्र महिन्यांमुळे ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि त्या वर्षी ती नेमकी रासबेरीच्या हंगामात सापडली. पत्नीला वाटलं, शिरखुर्म्यात चार रासबेरी टाकाव्यात, रंग छान येईल. तिने त्या उकळत्या पातेल्यात टाकल्या आणि डोळ्यांदेखत दूध फाटलं. दारात पाहुणे उभे. नवी सून रडकुंडीला आलेली. अम्मीने शांतपणे पातेलं उतरवलं, फडक्यातून गाळलं, दाबून पाणी काढलं आणि त्या छेन्यात साखर आणि वेलची घालून वड्या थापल्या. पाहुण्यांना सांगितलं, "इस बार नया कुछ किया बहूने." रासबेरीतल्या आंबटाने तापलेलं दूध फाटतं, एवढा धडा आम्ही त्यातून घेतला. हवी असेल तर फिरनी पूर्ण थंड होऊ द्यावी आणि वाढताना वरून रासबेरीचा गर घालावा. २०२४ साली ईद एप्रिलमध्ये होती, आणि पुन्हा हंगामात. तेव्हा आमच्या सुनेने फिरनी अशीच केली, आणि पत्नी शेजारी उभं राहून "थंड झाली का? नीट थंड झाली का?" असं दहा वेळा विचारत होती.

केक करणाऱ्यांसाठी एक सूचना. रासबेरीचा रंग आंबटात लाल राहतो, पण खाण्याचा सोडा जास्त झाला की निळसर-हिरवट होतो. मुलीच्या पहिल्या केकमध्ये आम्हाला असे हिरवे डाग बघायला मिळाले. विष नव्हतं ते, सोडा जास्त पडला होता. पिठात दही किंवा लिंबाचा रस असला तर रंग टिकतो. आणि फळं अगदी शेवटी घालून एक-दोनदाच हलक्या हाताने ढवळावं.

श्रोतेहो, वेळ संपत आली. शेवटची एक गोष्ट सांगतो.

भिलार हे 'पुस्तकांचं गाव' २०१७ साली झालं. त्याच्या पुढच्या वर्षी, मार्चमध्ये, मी तिथे काही मित्रांबरोबर कविता वाचायला गेलो होतो. अम्मीला बरोबर नेलं. कविता ऐकण्यात तिला फार रस नव्हता. ती म्हणाली, "बाजार बघू या." पण बाजारात न जाता आम्ही जवळच्या एका वाडीतल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेलो. झुडपांच्या रांगा होत्या, काळसर फळांनी लदलेल्या. ते मामा म्हणाले, "चाची, तुमच्या हाताने खुडा." अम्मी थोडी घुटमळली. मग तिने एका फळाला हात लावला. पिकलेलं फळ ओढावं लागत नाही, नुसता आधार दिला तरी सुटतं. ते सुटलं. आम्ही लहानपणी चोरून करायचो तसं तिने ते बोटाच्या टोकावर अंगुस्तान्यासारखं चढवलं, क्षणभर बघितलं, आणि मी काही बोलायच्या आत तोंडात टाकलं.

आयुष्यभर ज्या फळावर आमचं घर चाललं, ते धड, अख्खं फळ माझ्या समक्ष तिने पहिल्यांदा खाल्लं. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. तिने डोळे मिटून घेतले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "खट्टी है रे. थोडा नमक ला."

मामांच्या घरातून मीठ आलं. झाडाखाली बसून, एकेक फळ मिठाला लावून तिने पोटभर रासबेरी खाल्ल्या. खालाची वाट बघितली नाही, पाहुण्यांसाठी ठेवल्या नाहीत. पुढचा हंगाम तिला दिसला नाही.

तेव्हा यंदा रासबेरी घरी आणलीत, तर बूड बघून आणा, धुवू नका, पसरून ठेवा. आणि पहिली मूठ त्याच दिवशी घरातल्या त्या माणसाच्या हातावर ठेवा, जे नेहमी सगळ्यांच्या नंतर खातं. मीठ शेजारी असू द्या.

नमस्कार.